टेपचा पहिला इंच

माझ्या काउंटरवर एक हिरवी पत्र्याची पेटी हाय, पितळी कडी लावलेली. येणारं गिऱ्हाईक आधी तिलाच हात लावतंय. "जोतीराम, ही कितीला?" मी म्हणतो, विकायची न्हाय. "मग आत काय ठेवलंय?" आत काय न्हाय. जे बसवायचं होतं ते बसलं न्हाय, आणि ते का बसलं न्हाय हे गल्लीत सगळ्यांना म्हाईत हाय. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो.

मी शाहूपुरीत कॉम्प्युटर जोडून विकतो. सुटे पार्ट आणायचे, जमवायचे, चालू करून द्यायचे. हा एक धंदा. दुसरा धंदा चेष्टेचा, आणि खरं सांगायचं तर नाव दुसऱ्यातच जास्त. समोरच्या दुकानदाराच्या माऊसच्या पोटाला मी एकदा बारीक कागद चिकटवलता. खालचा लाल उजेड झाकला की माऊस मेला. त्यानं तीन माऊस बदलले, शेवटी देवाला नारळ फोडला. तवा मी कागद काढून दाखवला.

आणि माझा टेप. पिवळा, लोखंडी, गुंडाळायचा, बाजारात सगळीकडं मिळतोय तसला. त्याचा पहिला इंच मी कात्रीनं कापलता आणि टोकाचा हूक परत रिबीट मारून बसवलता. एकाचा आकडा त्याच्याखाली झाकून जायचा. म्हंजे टेप शून्याच्या ऐवजी एकापासनं सुरू. काय पण मोजा, एक इंच जास्त भरणार. तालमीतल्या एका पैलवानाचा दंड मी त्यानं मोजला. गडी महिनाभर खुराक वाढवून बसलेला, दंड एक इंच वाढला म्हणल्यावर त्यानं अख्ख्या तालमीला पेढे वाटले. खरं कळल्यावर मला पंचगंगेच्या घाटापर्यंत पळवत नेलं. पण शेवटी हसला.

हसला, कारण गल्लीत एक नियम हाय. ज्यानं चेष्टा केली त्यानं चहा सांगायचा. चहा आला की चेष्टा उघडी करायची. ज्याची झाली त्यानं दोन शिव्या द्यायच्या, सगळ्यांनी मिळून प्यायचं, संपलं. चहा कोपऱ्यावरच्या अंबूबाईचा. ती म्हणायची, "जोत्या, चेष्टा काय आणि चहा काय, गरम हाय तवर गोड. गार झाल्यावर नुसतं मळमळतंय."

हे ध्यानात ठेवा.

दोन हजार सहा साल. जानेवारीत एक पोरगी दुकानात आली. नाव शांभवी, घर जयसिंगपूरला, इथं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वहीच्या मागच्या पानावर यादी केलेली. वर आकडा, एकवीस हजार, त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या.

"काका, गेम खेळायचं मशीन पाहिजे. पण बारकं. एस्टीत मांडीवर घेऊन बसता आलं पाहिजे."

"मांडीवर घ्यायला मांजर घे की."

"मांजराला ग्राफिक कार्ड बसत न्हाय."

मी म्हणलं, ही जमणारी हाय. स्टूल पुढं सरकवलं.

पुण्याच्या एका कॉलेजात फेब्रुवारीत गेमची स्पर्धा होती. मॉनिटर तिथं मिळणार, मशीन ज्याचं त्यानं आणायचं. हिच्या वर्गातली पोरं म्हणलीती, पोरीचं काम न्हाय ते, फार तर टाळ्या वाजवायला ये. म्हणून हिला जायचं होतं. दोन वर्षं शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन एकवीस हजार साठवलेले.

कॉम्प्युटरचे पार्ट जमवणं म्हंजे कुस्तीची जोड लावण्यासारखं हाय. एकटा पैलवान किती पण भारी असू दे, समोर वजनाचा न्हाय मिळाला तर कुस्ती न्हाय, मस्करी. भारी ग्राफिक कार्ड घेतलं आणि प्रोसेसर मरतुकडा, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतंय. दोन्ही भारी घेतले आणि वीज पुरवणारा डबा स्वस्तातला, तर ऐन खेळात मशीन आडवं. आणि बोर्डाला जो रॅम लागतो तोच लागतो, दुसरा आत जातच न्हाय. पोरीला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी सवयीनं जुना रॅम पुढं केला. "हा घे, स्वस्त पडंल, बसतोय."

तिनं पट्टी उजेडात धरली. "ह्याची खाच दुसरीकडं हाय, काका. ठोकून बसवायचा का?"

मी हसलो, चहा सांगितला, खरा रॅम काढला. दोन तास आम्ही यादीवर भांडलो. प्रोसेसर एक पायरी खाली आणला, हार्ड डिस्क निम्मी केली, सीडीचा ड्राइव्ह काढूनच टाकला, आणि वाचलेलं सगळं कार्डात घातलं. विजेच्या डब्याला मी हात लावू दिला न्हाय. म्हणलं, तिथं काटकसर केलीस तर पुण्यात रडशील.

राहिलं कॅबिनेट. बाजारातल्या बारक्या कॅबिनेटात उंच कार्ड उभं राहत न्हाय, आणि ज्यात राहतंय ते कपाटाएवढं.

"कॅबिनेट माझे अप्पा करणार," शांभवी म्हणली.

"अप्पा काय करत्यात?"

"ट्रंका."

वही मिटता मिटता म्हणली, "तुमचं नाव आमच्या सिनिअरनं सांगितलं. म्हणला, तो काका टिंगल करंल, पण मालात फसवणार न्हाय."

पुढच्या आठवड्यात बोर्ड आणि कार्ड आलं तसे तिचे अप्पा आले. बसलिंगाप्पा. साठीचा माणूस, कपाळावर भस्म, कानावर पेन्सिल, खिशात पिवळा टेप. अगदी माझ्या टेपसारखा. जयसिंगपूरच्या बाजारात त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, धान्याच्या कोठ्या, लग्नाच्या ट्रंका. घरात कन्नड, बाजारात मराठी.

"पावणं, ते काय हाय ते दाखवा," म्हणले. "अव्वा सांगत होती, नाजूक काम हाय." पोरीला लाडानं अव्वा म्हणायचे.

मी बोर्ड पुढं ठेवला. त्यांनी तो लहान पोराला घ्यावं तसा दोन्ही हातांत घेतला. टेप लावला, आकडा पुटपुटला, परत लावला. "साडेनऊ, वर एक सूत." आमच्यात इंचाचा आठवा भाग म्हंजे सूत. "मी आतनं दहा घेतो. तीन सूत मोकळं राहतंय, वारं खेळायला."

"तीन सुतात वारं खेळतंय व्हय?"

"तीन सुतात वारं खेळतंय. दोन सुतात कोंडतंय." बोर्डावरनं त्यांचं बोट हळूच फिरत होतं. "तीस वर्षं झाली, जोतीराव. आजपातूर मापात चुकून पत्रा वाया गेला न्हाय. माझा बा म्हणायचा, पत्रा एकदा कापला की परत जुळत न्हाय. म्हणून दोनदा मोजायचं, एकदा कापायचं."

आता अशा माणसाची चेष्टा करायची न्हाय तर कुणाची? मला राहवलं न्हाय. त्यांनी टेप काउंटरवर ठेवला आणि कार्ड बघायला वाकले. मी त्यांचा टेप ड्रॉवरमध्ये सरकवला आणि माझा कापलेला तिथं ठेवला. म्हणलं, परत बोर्ड मोजत्यात, आकडा एक इंचानं वाढलेला बघून डोळं फाडत्यात, तवर चहा येतोय. अंबूबाईला खूण पण केलती.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यांच्या गावचा टेम्पो, नवा पत्रा भरून निघालेला, मागं दोन रिक्षा आणि एक बैलगाडी अडकलेली, सगळे मिळून आईबाप काढाय लागलेले. बसलिंगाप्पांनी पटकन टेप खिशात घातला, आकडे लिहिलेला कागद घेतला. "येतो पावणं. आठ दिवसांत पेटी तयार." आणि टेम्पोत चढले.

अंबूबाई चार कप घेऊन आली तवा दुकानात मी एकटा.

"म्हातारा कुठाय?"

"गेला. माझा टेप घेऊन गेला." आणि मी हसाय लागलो. इतका हसलो की खुर्चीतनं खाली आलो.

"फोन कर त्याला."

"करतो की. पहिल्या कापालाच कळंल त्याला. तीस वर्षांचा कारागीर हाय."

"जोत्या, फोन कर."

फोन मी केला न्हाय. नंबर काउंटरच्या काचेखाली होता, शांभवीनं लिहून दिलेला. रोज दिसायचा. रोज मी म्हणायचो, आज फोन येतोय बघ, शिव्या खाऊ, गंमत येईल. ती गोष्ट मी गल्लीभर सांगितली. प्रत्येक वेळी सांगताना टेम्पोचा हॉर्न मोठा करायचो. अंबूबाई कप ठेवताना विचारायची, "केलास का फोन?" चौथ्या दिवसापासनं तिनं विचारायचं पण सोडलं.

आठव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दोघं आली. शांभवीच्या हातात कापडात गुंडाळलेली पेटी. शनिवारी स्पर्धा, शुक्रवारी सकाळची पुण्याची गाडी. म्हंजे आज जोडायचं, आज चालवून बघायचं.

तिनं कापड काढलं.

हिरव्या रंगाची पेटी. कडा अशा वळवलेल्या की बोट फिरवलं तरी कुठं टोचत न्हाय. वर धरायला मूठ, तिला चामडं गुंडाळलेलं, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून. पुढं पितळी कडी. एका बाजूला वाऱ्यासाठी भोकं, पण नुसती भोकं न्हाईत, बेलाच्या पानाची नक्षी. एकेक भोक हातानं पाडलेलं. मागं कार्डाच्या खिडक्या कापून कानशीनं घासलेल्या.

"चार दिवस दुसरं काम घेतलं न्हाय अप्पांनी," शांभवी म्हणली. "अव्वा ओरडत होती, गिऱ्हाईक परत जातंय म्हणून." ही अव्वा म्हंजे तिची आई, शिवगंगा.

बसलिंगाप्पांनी पेटी माझ्याकडं सरकवली. फक्त म्हणले, "बसवा."

मी बोर्ड उचलला. मला ठाऊक होतं. तरी मी उचलला, आणि आत घालायला गेलो, जसं काय मला ठाऊकच न्हाय. बोर्ड कडेवर अडकला. तिरका केला. अडकला. टेपवरचे दहा म्हंजे खरे नऊ, बोर्डाला पाच सूत कमी, थोडं पण इकडंतिकडं न्हाय.

"उलटा करून बघा, काका," शांभवी म्हणली. चौकोनी बोर्ड, उलटा करून काय होणार. तिला पण कळत होतं.

बसलिंगाप्पांनी पेटी स्वतःकडं ओढली. खिशातनं टेप काढला. माझा टेप. पेटीच्या आत लावला. "दहा. दहाच हाय की." मग बोर्डाला लावला. वाकून बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला.

"साडेदहा, एक सूत."

खिशातनं त्या दिवशीचा कागद काढला. त्यावर त्यांच्याच हातचं, साडेनऊ, एक सूत.

मी समोर उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. अण्णा, टेप खोटा हाय. एवढंच. अशी वाक्यं मी आयुष्यभर खिदळत बोललेलो. त्या दिवशी मी बोर्डावरची धूळ पुसत राहिलो.

"त्या दिवशी मी चुकीचं वाचलं," बसलिंगाप्पा सावकाश म्हणले. "टेप काय खोटं बोलत न्हाय. डोळं गेलं माझं."

"अप्पा, एखाद्या वेळी होतंय."

"एखाद्या वेळी न्हाय, अव्वा. परवा तानाबाईच्या जुन्या पेटीला वहीतल्या मापावरनं झाकण करून दिलं न्हाय का? ते पण बसलं न्हाय. इंचभर आखूड. ती बिचारी म्हणली, असू दे अण्णा, वर वीट ठेवीन." ते हसल्यासारखं करत होते. "एका आठवड्यात दोनदा. बास झालं. पाडव्याला दुकान देऊन टाकतो कुणाला तरी. लोकांचा पत्रा नासवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

मी काय केलं ठाऊक हाय? मी म्हणलं, "अण्णा, काळजी करू नका, माझ्याकडं एक मोठं कॅबिनेट हाय, तसंच देतो, फुकट." उदार झालो. चोरानं घरात शिरून मालकाला पाणी विचारावं तसं.

बसलिंगाप्पांनी हात जोडले. खरंच जोडले. "तुमचे उपकार, जोतीराव."

शांभवीनं मात्र वही उघडली. यादीवर बोट ठेवलं. "काका, पार्ट परत घेता का? वापरलं न्हाय अजून काय. कार्ड, प्रोसेसर, सगळं."

"का?"

"अप्पांच्या डोळ्यांचं बघायचं. ऑपरेशन लागलं तर." एवढ्या सरळ बोलली, जसं काय रॅम बदलून मागत होती. "स्पर्धा पुढच्या वर्षी पण असतीय."

बसलिंगाप्पा म्हणले न्हाय, ती म्हणली व्हय, बापलेक कन्नडात भांडाय लागले. मला कन्नड येत न्हाय, पण दोघं पण एकमेकाला देऊ करत होते एवढं कळत होतं. मधीच मी म्हणलं, "आधी दाखवून तरी घ्या. डोळ्याच्या डॉक्टरीण बाई शेजारच्या गल्लीतच हायत." माझ्या डोक्यात हिशोब असा, की बाई म्हणतील डोळे चांगले हायत, म्हातारा खूश होईल, पोरगी पार्ट घेईल, मोठ्या कॅबिनेटात मशीन जाईल आणि मला काय बोलायला लागणार न्हाय. बघा, तवा पण मी सुटायचीच वाट शोधत होतो.

दवाखान्यात मी पण गेलो. बाईंनी अर्धा तास तपासलं. उजेड मारला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, बारीक अक्षरांचं पुस्तक हातात दिलं. बसलिंगाप्पांनी सगळं वाचलं.

"मोतीबिंदू न्हाय, काही न्हाय," बाई म्हणल्या. "नंबर पण तोच हाय. ह्या वयात इतके चांगले डोळे मला रोज बघायला मिळत न्हाईत, आजोबा."

मी सुटकेचा श्वास सोडला. शांभवी हसली. बसलिंगाप्पा हसले न्हाईत.

बाहेर येऊन ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डोळं चांगलं हायत," म्हणले. "मग डोकं गेलं."

"अप्पा, काय पण काय बोलताय."

"मग काय, अव्वा? आकडा डोळ्यांना बरोबर दिसला, आणि मनात दुसराच उतरला. माझ्या बाचं असंच झालतं शेवटी. दारात उभा राहून विचारायचा, हे घर कुणाचं? सुरवात अशीच झालती. मापं चुकाय लागली." दोन्ही तळहात उलटेपालटे करून ते बघत होते. बोटांवर पत्र्यानं कापल्याच्या ताज्या खुणा होत्या, बेलाच्या पानांच्या. "तुझ्या आईला सांगू नको आत्ताच."

शांभवी त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं त्यांचा एक हात धरला. पोरगी रडत न्हवती. तोंड असं झालं होतं, जसं काय एकदम दहा वर्षांनी मोठी झाली.

मी म्हणलं, "अण्णा, इथंच थांबा."

पळत दुकानात गेलो. अंबूबाई टपरीतनं बघत होती, तिच्याकडं बघितलं न्हाय. ड्रॉवरमधनं त्यांचा टेप काढला, परत पळत आलो. दवाखान्याच्या दारात पाच-सहा पेशंट, रस्त्यावर दोन ओळखीचे दुकानदार. मला वाटलं, बाजूला घेऊन सांगावं. मग वाटलं, गल्लीभर हसलोय, तर सांगायचं पण गल्लीतच.

"हा तुमचा टेप," मी म्हणलं. "तुमच्या खिशात हाय तो माझा. त्याचा पहिला इंच मी कापलाय. चेष्टेसाठी. त्या दिवशी मी बदलला. चहा यायच्या आधी तुम्ही गेला, आणि मी फोन केला न्हाय. आठ दिवस केला न्हाय."

बसलिंगाप्पांनी दोन्ही टेप हातात घेतले. दोन्ही ओढले. शेजारी शेजारी धरले. माझ्या टेपच्या टोकावरची रिबीट त्यांनी अंगठ्यानं चाचपली. मग हिशोब केला, ओठ हलत होते. पेटी दहा म्हंजे नऊ. बोर्ड साडेदहा म्हंजे साडेनऊ. तानाबाईचं झाकण.

आणि तो माणूस आनंदला. हे मी कधी विसरणार न्हाय. मला शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी पैलवानाच्या वेळेसारखं पळालो असतो आणि चार दिवसांनी सांगत फिरलो असतो. पण म्हातारा पोरीकडं वळून म्हणला, "अव्वा, बघ, मी बरोबर मोजलतं. साडेनऊ, एक सूत. माझं डोकं चांगलं हाय." डोळ्यांत पाणी. "चांगलं हाय माझं डोकं."

शांभवी उठली. माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काका," म्हणली, "हसा की. आता का हसत न्हाय?"



बसलिंगाप्पांनी टोपी घातली. "ते मागनं," म्हणले. "जोतीराव, इथं जस्ती पत्रा कुठं मिळतोय? आणि कात्री, ऐरण वापरायला देईल असं कोण हाय का?"

उद्यमनगरात माझ्या ओळखीचा एक शेडवाला होता. त्याच्याकडं गेलो. बसलिंगाप्पांनी पत्रा निवडला, जमिनीवर आंथरला. "धरा," मला म्हणले. मी धरला. त्यांनी स्वतःचा टेप काढला, दोनदा मोजलं, पेन्सिलीनं रेघ मारली, परत मोजलं. तिसऱ्यांदा पण मोजलं. तीस वर्षं दोनदा मोजणारा माणूस. मग कात्री लावली. मी पत्रा धरून गुडघ्यावर, दुपारभर. लाकडी हातोड्याखाली कडा वळत गेल्या. चहा मीच आणला, हातानं वाटला. त्यांनी प्याला. शांभवीनं कप घेतला आणि शेजारच्या पिंपावर ठेवला. संध्याकाळी निघताना तो तिथंच होता, वर साय धरलेली.

रंग द्यायला वेळ न्हवता. बेलाची पानं न्हाईत, चामडं न्हाय. नुसता पांढरा पत्रा, एका बाजूला सरळ ओळीत भोकं. दिवे लागायच्या वेळेला दुकानात बोर्ड आत ठेवला, आणि तो असा बसला, जसं काय तिथंच जन्मला. दोन्ही अंगानं तीन सूत मोकळं. मशीन चालू झालं, पंखा फिरला. बसलिंगाप्पांनी भोकांसमोर तळहात धरला.

"वारं खेळतंय," म्हणले.

निघताना मी म्हणलं, हिरवी पेटी तरी घेऊन जावा, एवढी कष्टानं केलेली. बसलिंगाप्पा काय तरी बोलणार होते, तवर शांभवीच म्हणली, "ठेवा तुमच्याकडंच. तुमच्याच मापाची हाय."

पुण्यात ती दुसऱ्या फेरीत हरली. हे मला तिच्याकडनं कळलं न्हाय, तिच्या सिनिअरकडनं कळलं. नंतरची खरेदी तिनं दुसऱ्या दुकानातनं केली. मालात फसवत न्हाय हे नाव माझं अजून हाय, पण तिच्या तोंडनं ते परत ऐकायला मिळालं न्हाय. कापलेला टेप मी त्याच रात्री मोडून टाकला. गल्लीवाले म्हणले, जोत्या सुधारला. सुधारलो कसला, माऊसखाली कागद अजून चिकटवतो. पण चहा आधी सांगतो, आणि चहा आल्याशिवाय त्या माणसाला दुकानाबाहेर पाऊल टाकू देत न्हाय.

बसलिंगाप्पा मात्र येत्यात. त्यांनी दुकान दिलं न्हाय कुणाला. हिशोबाला कॉम्प्युटर घेतला त्यांनी माझ्याकडनं, आणि वर्षातनं तीन-चारदा काय ना काय निघतंय. आले की हिरव्या पेटीकडं एकदा बघत्यात. माझी चौकशी करत्यात, चहा घेत्यात, माझ्यावर त्यांचा राग न्हाय हे मला ठाऊक हाय.

पण काय मोजायची वेळ आली, की ते स्वतःच्या खिशातला स्वतःचा टेप काढत्यात, टोक ओढत्यात, आणि पहिल्या इंचावरनं अंगठ्याचं नख सावकाश फिरवत्यात. शून्य हाय का, एक हाय का. मगच मोजत्यात. आधी कधी करत न्हवते. सवय लागली त्यांना. माझ्याकडं बघत न्हाईत तवा, मुद्दाम करत न्हाईत. त्यांना कळत पण नसंल.

तेवढा वेळ मी काउंटरखाली काय तरी शोधत असतो.